चुकवण्याचे गुण

फर्निचरच्या दुकानातून एक हमाल खांद्यावर लांबलचक फळी घेऊन फुटपाथवर उतरला. आतून कुणीतरी हाक मारली म्हणून तो वळला, आणि फळीचं मागचं टोक गर्रकन फिरून थेट तिच्या तोंडावर आलं. तिने हात वर केले नाहीत, ती किंचाळली नाही, मागेही सरली नाही. गुडघे जरासे मोडले, मान खांद्यांसकट आतल्या बाजूला वळली, आणि फळी कानाजवळून वारा घालत निघून गेली. केसांची एक बट तेवढी उडाली. "अहो बाई!" हमाल फळी सावरत ओरडला. "लागलं का?" "नाही." "नाही कसं लागलं?" तो म्हणाला, जवळजवळ तक्रारीच्या सुरात. तिला हसू फुटलं. "काय माहीत," म्हणून ती चालू लागली, पण पाय काही जमिनीवर नव्हते. एक्कावन्न वर्षांचं शरीर. सकाळी पलंगावरून उठायचं तर आधी काठावर बसावं लागतं, मग कमरेवर हात, मग एक उसासा, मग उभं राहणं. त्या शरीराने तिला न विचारता, परस्पर, हे करून टाकलं होतं. म्हणजे ते कुठे गेलंच नव्हतं. इतकी वर्षं आत कुठेतरी दबा धरून बसलं होतं. छातीत धडधडत होतं, आणि ती धडधड भीतीची नव्हती हे तिला पक्कं ठाऊक होतं. दोन चौक ओलांडेपर्यंत ती समोरून येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या खांद्याकडे बघत होती: हा कुठून वळेल, ही पिशवी कुठे झुलेल. आणि मग, सिग्नलला उभी असताना, आनंदाच्या पोटातूनच ती जुनी चिडचिड वर आली. हे तेव्हा कुणालाच कसं दिसलं नाही?

आठवड्याचे पाच दिवस ती चष्म्याच्या दुकानातल्या आतल्या अंधाऱ्या खोलीत लोकांचे डोळे तपासायची. "हे स्पष्ट दिसतंय, का हे? पहिलं, का दुसरं?" दिवसातून दोनशे वेळा. लोक गोंधळायचे, चुकायचे, काही तर चक्क लबाडी करायचे. गाडीचा परवाना हवा असलेले म्हातारे रांगेत बसल्या बसल्या तक्त्यावरची अक्षरं पाठ करून यायचे आणि शेवटची ओळ धडाधड म्हणून दाखवायचे. ती तक्ता बदलायची, आणि मग म्हाताऱ्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. महिन्यातल्या एखाद्या शनिवारी मात्र ती पंच असायची. ठोसे, लाथा, कुस्ती, सगळंच चालतं अशा लढतींची पंच. जाळीच्या आठकोनी पिंजऱ्यात लढणाऱ्या दोघी, त्यांच्यामध्ये रेफरी, आणि बाहेर तीन बाजूंना तीन उंच स्टुलांवर तीन पंच. पाच पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या. जी फेरी जिंकेल तिला दहा, हरेल तिला नऊ. "दहा आणि नऊ," तिचा नवरा म्हणायचा, "दोन आकडे लिहायचे, त्यासाठी रात्र रात्र जुन्या लढती बघत बसतेस. मला सांग, आठ लिहायला कधी मिळतं का गं?" "मिळतं, कुणी अगदीच मार खाल्ला तर." "मग मला आठ दे," तो म्हणायचा आणि भांडी घासायला जायचा.

नियम तिला तोंडपाठ होते. नव्या पंचांच्या वर्गात तीच शिकवायची. आधी बघायचं कुणाचा मार कुणाला लागला, कुणाच्या पकडीने काय साधलं. ते अगदीच समसमान असेल तरच पुढे कोण सरसावत होतं ते बघायचं, आणि तेही समसमान असेल तर पिंजऱ्याचा मधला भाग कुणाच्या ताब्यात होता ते. "आणि चुकवणं?" वर्गात दर वेळी एखादा विचारायचाच. "समोरचीचे तीस ठोसे हवेत गेले तर चुकवणारीला काय मिळणार?" ती फळ्याकडे पाठ करून म्हणायची, "न लागलेले तीस ठोसे मिळणार. तेच बक्षीस. त्याला वेगळे गुण नाहीत." शांतपणे म्हणायची. आणि दर वेळी बोलताना तिच्या जिभेवर एक कडू थर यायचा, कारण सत्तावीस वर्षांपूर्वी हेच वाक्य पंचांनी तिच्या तोंडावर फेकलं होतं.

तेव्हा या खेळाला धड नावही नव्हतं, खुली लढत म्हणत. ती चोवीस वर्षांची होती आणि तिला कुणी हात लावू शकत नसे. बाबांनी तिला ज्युदो शिकवला होता, घराच्या गच्चीवर जुन्या गाद्या अंथरून. पण चुकवणं तिने कुणाकडून घेतलं नव्हतं, ते तिचं स्वतःचं होतं. समोरचीचा खांदा हलायच्या आत तिला कळायचं. शेवटच्या त्या लढतीत ती अख्खी तिसरी फेरी नाचली, लोक बाकांवर उभे राहिले, आणि तिघांपैकी दोन पंचांनी लढत दुसरीला दिली. बाबा पिंजऱ्याच्या पायरीशी उभे होते. खांद्यावर टॉवेल टाकत एवढंच म्हणाले, "तुला कुणी मारलं नाही, हे मी पाहिलं. पण तू कुणाला मारलंस?" नंतर त्यांनी तो विषय काढला नाही, तिनेही नाही. ती पुन्हा लढली नाही. लग्न, चष्म्याचं दुकान, मुलगी, मुलीचं शिक्षण, बाबांचं आजारपण. आणि त्या सगळ्याच्या खालून एक वाक्य वाहत राहिलं: त्यांना दिसलं नाही. पुढे पंचांची परीक्षा निघाली तेव्हा तिने अर्ज भरला तो एवढ्याचसाठी. निदान एका स्टुलावर तरी जिला दिसतं अशी कुणीतरी बसावी.

त्या शनिवारी हॉल दुपारी तीनलाच भरला होता. वरच्या काचांमधून उन्हाचे पट्टे खाली पिंजऱ्यात पडत होते, आणि त्यांत धूळ तरंगत होती. तिने काळा कोट घातला, दोन पेनं खिशात ठेवली, एक चालेनासं झालं तर असावं म्हणून दुसरं, आणि आपल्या स्टुलावर चढून बसली. इथे सगळे तिला बाई म्हणत. मुख्य लढत दोन मुलींची होती. एकीला सगळे घण म्हणत. ठेंगणी, रुंद, सरळ चालत यायची आणि वाटेत जे असेल ते मोडायची. दुसरीचं नाव पारा. तेवीस वर्षांची, लांब हातांची, आणि चिमटीत धरू म्हटलं तर सापडायची नाही. तिच्या जुन्या लढती बाईंनी पाहिल्या होत्या, पडद्यावर, थांबवून थांबवून. पण समोर पाहिलं ते वेगळंच होतं. पहिल्याच मिनिटात घणाने डावा मारला, उजवा मारला, पुन्हा डावा. आणि पाराने पाय हलवले नाहीत. जागेवर उभी राहून, नुसत्या कमरेतून, गवत वाऱ्यात हलावं तशी ती हलली आणि तिन्ही ठोसे तिच्या आजूबाजूने निघून गेले. मग तिने घणाच्या नाकावर एक टिपला, आणखी एक टिपला, आणि बाजूला. हॉल उसळला. बाईंच्या हातातल्या पेनाचं टोपण कधी खाली पडलं ते त्यांना कळलंच नाही. स्टुलावर बसल्या बसल्या त्यांचे गुडघे मोडत होते, उघडत होते. अस्संच, अस्संच, आता खांदा बघ, हां! इतकं उघडंनागडं सुख त्यांना कित्येक वर्षांत झालं नव्हतं. पहिली फेरी पाराची, दहा-नऊ, त्यात वादच नव्हता. दुसऱ्या फेरीत घणाने शहाणपण केलं. ठोसे सोडून ती कमरेत शिरली, पाराला उचलून खाली आपटलं आणि अडीच मिनिटं तिच्यावर बसून राहिली. दहा-नऊ, घणाला. हेही स्वच्छ. दर फेरीनंतर गुणांचे कागद गोळा करणारे मुख्य पंच तिचा कागद घेऊन गेले. आता बरोबरी होती आणि एक फेरी उरली होती.

तिसऱ्या फेरीची घंटा झाली आणि पारा नाचायला लागली. दुसरा शब्द नव्हता त्याला. जाळीला लागून, गोल, उलट गोल, मध्येच थांबून, मध्येच मान काढून देऊन. घण मागे मागे, आणि तिचे हात सारखे रिकामे परत येत होते. लोक मोजायला लागले: हुकला, हुकला, हुकला! चाळीस-एक सेकंद झाले असतील. बाईंच्या बाजूच्या जाळीजवळून जाताना घणाने वर मारल्याचं सोंग केलं आणि खालून, आखूड, एक ठोसा पाराच्या उजव्या बरगडीखाली घातला. आवाजही फारसा झाला नाही. पारा न थांबता पुढे सरकली, गोल, उलट गोल. कुणी श्वाससुद्धा रोखला नाही. पण बाईंना दिसलं की पाराचं उजवं कोपर दोन बोटं खाली आलं आहे, आणि ते पुन्हा वर जात नाही.

दोन बोटं. बाईंच्या स्वतःच्या अंगात काहीतरी उजवीकडे आवळलं गेलं. इतकं अचानक, की त्यांनी पेन घट्ट धरलं. हे मला माहीत आहे, त्यांना वाटलं, आणि लगेच वाटलं, मला कसं माहीत असेल? समोर पारा जाळीवरून सुटून मध्ये आली, घणाच्या कपाळावर दोन हलक्या टिचक्या मारून पुन्हा दूर गेली, हॉल टाळ्यांनी दणाणला, आणि बाई एकाच वेळी ते बघत होत्या आणि दुसरंच काही बघत होत्या: एक न्हाणीघर, आतून लावलेली कडी, अंगावर ओतून घेतलेलं गार पाणी, आणि बरगडीखाली तळहाताएवढा, वांग्याच्या रंगाचा डाग. नऊ दिवस तो होता. नऊ दिवस तिने कडी लावून आंघोळ केली. शेवटच्या फेरीत लाथ लागली होती. सत्तावीस वर्षांपूर्वी, सुरुवातीलाच, एकच, पण अशी की श्वास गेला आणि परत आलाच नाही. लोक ज्याला नाच म्हणून बाकांवर उभे राहिले होते तो नाच कुठला? श्वास परत येईपर्यंतचा वेळकाढूपणा होता तो. मारायला हात उचलला असता तर बरगडी उघडी पडली असती, म्हणून तिने हात उचलला नव्हता. गच्चीवर बाबांनी विचारलं होतं, "कुठे लागलंय का गं?" ती म्हणाली होती, "लागलंच नाही." आणि ते इतक्यांदा, इतक्या रागाने, मनातल्या मनात म्हटलं होतं की ते खरं होऊन बसलं होतं.

दुसरा ठोसा फेरीच्या मध्यावर बसला, त्याच जागी. बाईंच्या समोर. पाराचे ओठ क्षणभर पांढरे झाले. पण आता बाईंचा स्वतःवर विश्वास राहिला नव्हता, आणि ही भीती आधीच्या सगळ्या भीतींपेक्षा वेगळी होती. दिसतंय ते मी बघतेय, का आठवतंय ते? ही पोर खरंच दुखावली आहे, का मी माझी बरगडी तिच्या अंगाला चिकटवतेय? आणि समजा दुखावली नसेल, तर मी तिच्या बाबतीत तेच करायला निघाले आहे, जे माझ्या बाबतीत झालं म्हणून मी सत्तावीस वर्षं जळतेय. हॉलमधली दोन हजार माणसं एक लढत बघत होती आणि बाई भलतीच बघत होत्या. पहिलं, का दुसरं? त्या जवळजवळ पुटपुटल्या. मग त्यांनी काय केलं, तर तक्ता बदलला. पाराच्या चेहऱ्याकडे बघणं सोडलं, नाचाकडे बघणं सोडलं, आणि फक्त दोन गोष्टी मोजल्या: तिचं उजवं कोपर, आणि तिचं पोट किती वेळाने फुगतंय. पारा मध्येच वळली, बाईंकडे पाठ झाली, घण तिला जवळजवळ चिकटली आणि सुटली, आणि पारा समोरच्या बाजूच्या प्रेक्षकांकडे बघून चक्क हसली. लोक वेडे झाले. काय हा आत्मविश्वास, बाईंनाही वाटलं. त्यांनी तो बाजूला ठेवला. कोपर. पोट. शेवटच्या मिनिटात तिसरा बसला आणि पाराच्या पोटाची हालचाल थांबली. एक, दोन, तीन, चार, बाई मोजत होत्या, पाच, सहा. आणि पारा नाचत होती, सुंदर, न श्वास घेता. ते आठवत नव्हतं. ते समोर होतं. घंटा झाली तेव्हा पाराने दोन्ही हात वर केले, म्हणजे डावा पुरता वर केला आणि उजवा खांद्यापर्यंत.

लिहायला फार तर पंधरा सेकंद मिळतात. मुख्य पंच शेजारी येऊन हात पुढे करून उभे होते. बाईंचा हात स्थिर होता, आणि त्याचंच त्यांना नवल वाटत होतं. आत सगळं उधाणलं होतं, कुणाला तरी हाक मारून सांगावं असं वाटत होतं, दिसलं, मला दिसलं. पाराच्या सगळ्या मिळून अकरा टिचक्या. घणाचे तीन घाव. चुकवलेले ठोसे किती ते त्यांनी मोजलेच नव्हते, मोजायचे नसतातच. त्यांनी लिहिलं: घण दहा, पारा नऊ. कागद गेला.

"पहिल्या पंचांच्या मते," निवेदक म्हणाला, "एकोणतीस-अठ्ठावीस, पारा!" छप्पर उडेल असा आवाज झाला. "दुसऱ्या पंचांच्या मते, एकोणतीस-अठ्ठावीस, घण!" हुर्यो. तिसरा कागद आपला आहे हे मुख्य पंच सोडले तर बाईंना एकटीलाच माहीत होतं. "तिसऱ्या पंचांच्या मते, एकोणतीस-अठ्ठावीस... आणि विजेती... घण!" सगळा हॉल एका घशाने ओरडला. मागून कुणीतरी अगदी ठणठणीत आवाजात म्हणालं, "पंच आंधळे आहेत का? डोळे तपासून घ्या म्हणावं!" आणि अशा वेळीसुद्धा बाईंना हसू आवरेना. पिंजऱ्यात रेफरीने घणाचा हात वर केला. घणाचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. पारा खाली बघत होती.

मुख्य पंच जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "मागच्या जिन्याने निघा. लोक तापलेत." "तुम्ही बघितलेत का ते बरगडीतले?" बाईंनी विचारलं. "मी तुमच्या बाजूला नव्हतो," ते म्हणाले, आणि दुसरीकडे निघून गेले. मागचा जिना सोयीचा होता. आजवर किती तरी वेळा त्या त्याच जिन्याने गेल्या होत्या. पंचाने निकालावर कुणाशी वाद घालायचा नसतो, नियमच आहे, आणि नियमाच्या आडून निसटणं त्यांना चांगलं जमायचं. आज मात्र त्या कोट हातावर टाकून सरळ खेळाडूंच्या खोल्यांसमोरच्या लांब मार्गिकेतून निघाल्या. काय बोलायचं ते त्यांना माहीत नव्हतं. छाती फुलून आली होती एवढं खरं, आणि पाय आपोआप भराभर पडत होते.

पारा बाकावर बसली होती, बर्फाची पिशवी मांडीवर तशीच. तिचा कोच, जाड मानेचा, घामाघूम, भिंतीशी बोलल्यासारखा बोलत होता. "लुटलं! दिवसाढवळ्या लुटलं!" बाईंच्या गळ्यातलं पंचाचं ओळखपत्र पाहून तो बाजूला सरकला. पाराने मान वर केली.

"तिसरी फेरी तिला तुम्ही दिलीत?"

"हो, मी दिली."

"का?"

"उजव्या बरगडीखाली तीन बसले. पहिला सुरुवातीलाच, दुसरा मध्यावर, तिसरा शेवटच्या मिनिटात. तिसऱ्यानंतर सहा सेकंद तुझा श्वास बंद होता."

"कसले तीन?" कोच उसळला. "अहो मॅडम, तिला बोट लागलं नाही! मी इथे बारा वर्षं..."

"दादा, थांबा जरा." पारा बाईंकडे रोखून बघत होती. रागाने नव्हे, एखाद्या अनोळखी माणसाने आपलं लहानपणीचं नाव घेऊन हाक मारावी तशी. मग तिने बनियनची कड वर केली. डाग अजून लाल होता, कडेने जांभळा व्हायला लागला होता. कोच वाकला आणि त्याने निरखून बघितलं.

"चार होते," पारा म्हणाली.

"चार?" बाई सगळं विसरून तिच्याजवळ बाकावर बसल्याच. "चौथा कधी?"

"तुमच्याकडे पाठ होती तेव्हा. मी हसले नव्हते का?"

"ते हसू?"

"मग काय करणार? रडायला वेळ नव्हता." पारा हसायला लागली आणि बरगडी धरून कळवळली. "आई गं. हसवू नका, मॅडम."

"मी काय हसवतेय!" बाई म्हणाल्या, पण त्याही हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कोच दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला. मग तो बर्फाची पिशवी उचलून पाराच्या हातात देत म्हणाला, "मला सांगायचं नाही का गं?" त्याचा आवाज लहान झाला होता. "सांगितलं असतं तर तुम्ही थांबवली असती," ती म्हणाली.

"मीही सांगितलं नव्हतं," बाई म्हणाल्या. ते वाक्य त्यांनी ठरवून म्हटलं नव्हतं; आलं. "मी लढायचे तेव्हा. शेवटच्या फेरीत एक लाथ बसली होती, इथेच. घरीसुद्धा सांगितलं नाही. हरले ते पंचांमुळे, असंच म्हणत राहिले."

"किती दिवस?"

"सत्तावीस वर्षं."

पाराने शीळ घातली. मग तिने बर्फाची पिशवी जागेवर दाबली, डोळे मिटून कळ जाऊ दिली, आणि डोळे उघडले तेव्हा त्यांत काहीतरी चमकत होतं. खोडकर, भुकेलं. "पुढच्या लढतीला तुम्ही असाल?"

"ते वरून ठरतं."

"तरी या. आणि कुठल्याही बाजूला बसा. पुढच्या वेळी तुम्हाला एकही दिसणार नाही."

बाई उठल्या. त्यांनी कोट अंगात घातला, बटणं लावली, एक चुकलं, पुन्हा लावलं.

"बघू," त्या म्हणाल्या.